उद्योजकता प्रशिक्षण : वर्गापासून गल्ल्यापर्यंत

शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येक तरुणास नोकरी मिळणे शक्य नाही, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. त्यामुळे तरुणांनी स्वतःचा उद्योग उभारावा आणि आणखी चार जणांना काम द्यावे, असा उपदेश प्रत्येक उद्योजकता शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केला जातो. उपदेश योग्यच आहे. परंतु शिबिरात समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात त्या वेळी काय चाललेले असते? त्याच्या घरी बहुधा कोणी व्यापार केलेला नसतो. भांडवल म्हणजे वडिलांची भविष्य निर्वाह निधीची रक्कम किंवा आईचे दागिने, एवढेच त्यास ठाऊक असते. उद्योग बुडाला तर त्याचे नुकसान एकट्याला नव्हे, तर साऱ्या कुटुंबाला सोसावे लागते. म्हणूनच अशा कार्यक्रमातून विद्यार्थ्याच्या पदरी नेमके काय पडते, याचा विचार शिक्षक, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनी बारकाईने करणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात हा विचार मुंबईतील प्रभादेवी या वस्तीच्या संदर्भात केला आहे. नोकरीवर विसंबून राहिलेल्या समाजाला उद्योगाकडे वळताना कोणत्या अडचणी येतात, हे या परिसरात स्पष्टपणे दिसते.

गिरणगावाची पार्श्वभूमी

प्रभादेवी, परळ, लालबाग, वरळी हा सारा टापू गिरणगाव म्हणून ओळखला जाई. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार येथील चाळींत स्थिरावला. प्रभादेवीतच स्टँडर्ड मिल होती. गिरणीचा भोंगा, पाळी आणि महिन्याचा पगार यांवर घराघराचा संसार चाले. मुलगा मोठा झाला की बदली कामगार म्हणून गिरणीत लागेल, ही खात्री असे.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. त्यानंतर ही खात्री उरली नाही. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासास वाट करून दिली आणि कालांतराने तेथे कार्यालये व उंच इमारती उभ्या राहिल्या. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले, तोवर वस्तीचे रूप पार पालटले होते. कामगारांच्या नातवंडांपुढे आता गिरणीची पाळी नाही. समोरच्या इमारतीतील कार्यालयांत सर्वांना स्थान मिळेल, असेही नाही. अशा घरातील तरुण उद्योजकता प्रशिक्षणास येतो, तेव्हा त्याची गरज खरी असते. त्याच्यापाशी जे थोडके आहे ते चुकीच्या बेताने गमावले जाऊ नये, ही जबाबदारीही तितकीच खरी असते.

खाणावळवाल्या स्त्रियांचा धडा

गिरणगावाजवळ उद्योजकतेची परंपरा मुळीच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. गावी कुटुंब ठेवून एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रिया घरोघर होत्या. महिनाभर जेवण द्यायचे आणि पगाराच्या दिवशी पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार असे. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज त्या बाईच्या माथी बसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून देण्यात आले आणि सावकाराचा पाश सैल झाला. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या कार्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बँकेचे कर्ज आले, त्यापूर्वीच त्या स्त्रियांपाशी ग्राहक होते. आपल्याकडे किती माणसे जेवतात, कोण वेळेवर पैसे देतो, तांदूळ महागला तर भाजीत किती काटकसर करावी लागेल, हे सारे त्यांस तोंडपाठ होते. आधी ग्राहक, मग हिशेब आणि शेवटी कर्ज, असा तो क्रम होता. प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. प्रमाणपत्र प्रथम मिळते, कर्जाचा अर्ज त्यापाठोपाठ जातो आणि ग्राहकाची गाठ सर्वांत शेवटी पडते. प्रशिक्षण कार्यक्रमाची कसोटी हा क्रम सुलटा करण्यात आहे.

काकीनाड्याचा प्रयोग

उद्योजक जन्मास यावा लागतो की तो घडविता येतो, हा वाद जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी या प्रश्नाचा प्रदीर्घ अभ्यास केला. काम उत्तम रीतीने पार पाडावे, स्वतःच ठरविलेले उद्दिष्ट गाठावे, या आंतरिक ओढीस त्यांनी महत्त्व दिले. या ओढीस आपण साध्यप्रेरणा म्हणू. ही प्रेरणा प्रशिक्षणाने वाढविता येते काय, हे पाहण्यासाठी १९६४-६५ च्या सुमारास हैदराबाद येथील लघुउद्योगविषयक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यावसायिकांना प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढील काळात तुलनेने अधिक हालचाल केली, अधिक भांडवल गुंतविले आणि अधिक लोकांना काम दिले, असे आढळून आले. या प्रयोगाचा वृत्तान्त १९६९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या प्रशिक्षणपद्धतीतील एक खेळ आजही अनेक शिबिरांत खेळला जातो. जमिनीवर खुंटी रोवतात आणि विद्यार्थ्यांना तीवर कडी फेकावयास सांगतात. किती अंतरावरून फेकावयाची, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते. काही जण खुंटीच्या अगदी जवळ उभे राहतात, तर काही जण इतके दूर जातात की कडी लागली तर ती दैवयोगानेच. साध्यप्रेरणा प्रबळ असलेली व्यक्ती मध्यम अंतर निवडते. प्रयत्न केल्यास जमेल, पण प्रयत्नाविना जमणार नाही, असे ते अंतर असते. उद्योगातील धोका कसा पत्करावा, याचे हे उत्तम प्रात्यक्षिक होय.

तथापि एक भेद येथे ध्यानात ठेवावा लागतो. काकीनाड्याचे प्रशिक्षणार्थी आधीच व्यवसायात होते. शिबिर संपताच ते आपल्या दुकानी, आपल्या गल्ल्यावर परतले आणि शिकलेले लगोलग वापरू शकले. महाविद्यालयीन विद्यार्थी शिबिर संपल्यावर घरी परततो आणि त्याच्या घरी गल्ला नसतो. म्हणून विद्यार्थ्यांसाठी असलेल्या कार्यक्रमात प्रेरणेच्या जोडीला प्रत्यक्ष विक्रीचा अनुभव असलाच पाहिजे. तो नसेल तर निर्माण झालेला उत्साह काही आठवड्यांत ओसरतो.

भारतात उद्योजकता विकासाचे संघटित कार्यक्रम गुजरातमध्ये १९७० च्या सुमारास सुरू झाले आणि १९८३ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय पातळीवरील उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना करण्यात आली. त्याचे मुख्यालय तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे आहे. योग्य व्यक्तीची निवड, प्रशिक्षण आणि प्रशिक्षणोत्तर पाठपुरावा हे अशा कार्यक्रमांचे तीन टप्पे मानले जातात. यांपैकी मधल्या टप्प्याचे छायाचित्र निघते. उद्योग जगणार की नाही, हे मात्र पहिल्या व तिसऱ्या टप्प्यावर ठरते.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण

हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. शिकविण्याच्या सोयीसाठी ते रचलेले आहे आणि त्यातील आकडेही हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

प्रभादेवीतील चाळीत राहणारी, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकणारी एक मुलगी उद्योजकता शिबिरात दाखल होते. तिची आई उकडीचे मोदक उत्तम करते. घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर श्री सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. मंगळवारी तेथे भाविकांची रीघ लागते, संकष्टीला ती वाढते आणि अंगारकीला तर रस्ते अपुरे पडतात. मोदकांचा उद्योग काढावा, ही कल्पना तिला सुचते आणि वर्गातही सर्वांना पसंत पडते. प्रकल्प अहवालात ती रोज २५० मोदकांची विक्री धरते. कागदावर नफा भरघोस दिसतो.

अनुभवी प्रशिक्षक तिला एवढेच सांगतात, "हा आकडा कोठून आणलात, ते दाखवा." मग वही घेऊन ती मुलगी आठवडाभर परिसरातील दुकानांतून हिंडते. एक दुकानदार तिला म्हणतात, "मंगळवारी आणशील तेवढे घेईन, बाळ. बुधवारी मात्र एक डझनही नको. आणि उरलेले तुला परत न्यावे लागतील." दुसऱ्या दुकानात पेढ्यांना अधिक मागणी असल्याचे कळते, कारण पेढा प्रवासात टिकतो. उकडीचा मोदक त्याच दिवशी खाल्ला तर गोड लागतो. दूरच्या गावाहून आलेला भाविक तो बरोबर नेऊ शकत नाही. तिसऱ्या ठिकाणी एक नवीच गोष्ट तिच्या ध्यानी येते. जवळच्या कार्यालयांतील मंडळी संकष्टीच्या संध्याकाळसाठी आगाऊ मागणी नोंदवावयास तयार आहेत. सात दिवसांच्या या भटकंतीत तिच्या अहवालातील जवळजवळ प्रत्येक आकडा बदलतो. बाजारपेठेची पाहणी म्हणतात ती हीच. छापील प्रश्नावली भरून ती होत नाही.

हिशेबाची वही

आता तिचा हिशेब पाहू. दुकानदारास एक मोदक २० रुपयांस द्यावयाचा. तांदळाची पिठी, नारळ, गूळ, तूप व वेलची यांचा खर्च ८ रुपये, वेष्टन व वाहतूक २ रुपये आणि मजुरी ४ रुपये धरली, तर एका मोदकामागे १४ रुपये खर्च होतात आणि ६ रुपये उरतात. जागेच्या भाड्याचा वाटा ९,००० रुपये, वीज व गॅस ३,००० रुपये आणि कर्जाचा हप्ता ६,००० रुपये असा महिन्याचा बांधील खर्च १८,००० रुपये होतो. प्रत्येक मोदकामागे उरणाऱ्या ६ रुपयांतून तो भागवावयाचा तर महिन्यास ३,००० मोदक, म्हणजे रोज सरासरी १०० मोदक विकले गेले पाहिजेत. हप्ता धरून काढलेला हा रोखीचा ना-नफा-ना-तोटा बिंदू होय.

परंतु दुकानदार उरलेला माल परत करणार आहेत. शंभर मोदकांपैकी केवळ दहा परत आले, असे समजू. शंभर मोदकांवर खर्च १,४०० रुपये झालेलाच आहे. विक्री मात्र ९० मोदकांची, म्हणजे १,८०० रुपयांची होते. शंभरामागे ६०० रुपये उरावयाचे, तेथे ४०० च उरतात. आता १८,००० रुपये निघण्यासाठी महिन्यास ४,५०० मोदक करावे लागतील. नासाडी शेकडा दहा आणि कामाचा बोजा मात्र दीडपट, हा हिशेब ज्या विद्यार्थ्याने स्वतः मांडला, तो नाशवंत मालाचा व्यवसाय आयुष्यभर जपून करील.

या हिशेबातून तिचा बेत बदलतो. रोज माल दुकानात ठेवण्याऐवजी आगाऊ नोंदणीवरच मोदक करावयाचे, मंगळवार व संकष्टी यांवर भर द्यावयाचा, आणि इतर दिवशी टिकाऊ अशी उकडीची पिठी पाकिटांतून विकावयाची, असे ती ठरवते. प्रारंभी यंत्र घ्यावयाचे नाही. घरच्या भांड्यांत, आईच्या हाताने, तीन महिने विक्री करून पाहावयाची. यासाठीही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते, हे तिला शिबिरात कळलेले असते. खुंटीपासूनचे मध्यम अंतर तिला सापडले, असे आता म्हणता येईल.

कर्ज, अनुदान आणि गैरसमज

योजनांच्या माहितीचा तास सर्वांत अधिक गर्दीचा असतो. गैरसमजही तेथेच अधिक होतात. २००८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी निश्चित झालेल्या रचनेनुसार सर्वसाधारण गटातील अर्जदाराने प्रकल्प खर्चाच्या १० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष गटांतील अर्जदाराने ५ टक्के रक्कम स्वतः घालावयाची असते. अनुदान शहरी भागात सर्वसाधारण गटास १५ टक्के व विशेष गटास २५ टक्के, तर ग्रामीण भागात अनुक्रमे २५ व ३५ टक्के ठरविण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २०१९ साली सुरू केलेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर आखलेला आहे.

आपल्या उदाहरणातील मुलीचा प्रकल्प ३ लाख रुपयांचा असेल, तर तिचा स्वतःचा हिस्सा १५,००० रुपये आणि अनुदान ७५,००० रुपये होते. हे ७५,००० रुपये हाती रोख मिळतील, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. अनुदानाची रक्कम बँकेत तीन वर्षे अर्जदाराच्या कर्जखात्याशी निगडित ठेव म्हणून राहते. तेवढ्या कर्जावर व्याज आकारले जात नाही. उद्योग चालू असल्याची खातरजमा झाल्यानंतरच ती कर्जात वळती केली जाते. याचा अर्थ स्पष्ट आहे. तीन वर्षे टिकून राहणाऱ्यासच अनुदानाचा खरा लाभ मिळतो. अनुदानावर नजर ठेवून उद्योग काढणाऱ्याच्या पदरी अखेर कर्जच उरते. ही गोष्ट प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, साध्या शब्दांत, शक्य तर पालकांनाही बोलावून सांगितली पाहिजे.

कोणी काय करावे

शिक्षकांच्या हाती यातील बराच भाग आहे. महाविद्यालयाच्या मेळाव्यात विद्यार्थ्यांनी स्वतःचे थोडे पैसे घालून वस्तू विकाव्यात, आणि गुण विक्रीच्या रकमेस न देता हिशेबाच्या वहीस द्यावेत. ज्याची वस्तू खपली नाही, पण का खपली नाही हे ज्याने नीट नोंदविले, तो विद्यार्थी अधिक शिकला असे मानावे. गणिताच्या तासास वर दिलेला नासाडीचा हिशेब घातला, तर शेकडेवारीही शिकविली जाईल आणि व्यवहारही.

अधिकाऱ्यांनी यशाचे मोजमाप बदलावे. किती शिबिरे झाली, किती प्रमाणपत्रे दिली, किती कर्ज प्रकरणे पाठविली, ही आकडेवारी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. प्रशिक्षणानंतर एक वर्षाने किती जण उद्योगात आहेत आणि जे थांबले ते कोणत्या कारणाने थांबले, याची नोंद प्रत्येक तुकडीमागे ठेवली जावी. थांबलेल्यांची कारणे हेच पुढील तुकडीचे पाठ्यपुस्तक होय. उद्योग काढू नये असा निर्णय ज्याने पाहणीनंतर समजून उमजून घेतला, त्यास अपयशी गणू नये. त्याच्या कुटुंबाची पुंजी वाचली, हेही कार्यक्रमाचे फलितच आहे.

ग्रामपंचायत सदस्यांना हे शहरातील उदाहरण दूरचे वाटण्याचे कारण नाही. सिद्धिविनायकाचा मंगळवार आणि गावच्या आठवडा बाजाराचा दिवस यांचे अर्थशास्त्र एकच आहे. जत्रेच्या दिवशीची विक्री पाहून वर्षाचा अंदाज बांधणारा तरुण प्रत्येक गावात भेटतो. अशा तरुणास बाजाराच्या दिवशी एक जागा काही आठवडे चाचणीसाठी उपलब्ध करून देणे पंचायतीस अवघड नाही. गावातील जुना दुकानदार, दूध संघाचा सचिव किंवा निवृत्त बँक कर्मचारी यांस त्याचा मार्गदर्शक नेमावे. महिन्यातून एकदा त्यांनी वही तपासली, तरी पाठपुराव्याचे निम्मे काम होईल. ग्रामीण भागात अनुदानाचे प्रमाण अधिक ठेवलेले असल्याने तेथे ही दक्षता अधिकच हवी.

समारोप

गिरणगावाने एकेकाळी साऱ्या मुंबईस वस्त्र पुरविले. त्या पिढीचे कौशल्य यंत्रापाशी होते आणि बाजाराची चिंता मालकाने वाहिली. पुढील पिढीस ती स्वतः वाहावयाची आहे. हे शिक्षण व्याख्यानाने होणार नाही. दुकानाच्या पायरीवर उभे राहून मिळालेला नकार, परत आलेला माल आणि रात्री मांडलेला जमाखर्च यांतूनच ते होते. ग्राहक आधी, हिशेब नंतर आणि कर्ज शेवटी, हा खाणावळवाल्या स्त्रियांनी पाळलेला क्रम आपल्या प्रशिक्षण कार्यक्रमांनी स्वीकारला, तर शिबिरातून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी थोडे उद्योजक होतील, पण जे होतील ते टिकतील. उरलेल्यांची घरेदारे आणि हिंमत शाबूत राहील, आणि योग्य संधी येताच तेही पुन्हा उभे राहू शकतील.